गाडी उचलून नेली तर आधी बोर्डाचा फोटो काढा

कोल्हापुरात महाद्वार रोडला लागून एका बोळात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. टोइंगची गाडी आली की भोंगा ऐकू येतो आणि आजूबाजूचे दुकानदार हातातलं काम टाकून किल्ल्या घेऊन पळतात. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली परगावची मंडळी मात्र तेव्हा रांगेत असतात. ती परत येतात आणि मलाच विचारतात, "ताई, इथं आमची पांढरी गाडी होती हो." त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

चौकातल्या पोलिसाशी भांडत बसू नका. मशिनमधून चलन निघालं की रस्त्यात उभं राहून ते मागं फिरवता येत नाही, आणि तेवढ्या वेळात पुरावा हातचा जातो. गाडी जिथं उभी होती तिथंच थांबा आणि चारही बाजूंचे फोटो काढा. मग रस्त्याच्या दोन्ही टोकांपर्यंत चालत जाऊन नो-पार्किंगचा बोर्ड शोधा. सापडला तरी फोटो, नाही सापडला तरी फोटो.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. दिवाळीच्या तोंडावर बारा साड्या पोचवायला ताराबाई रोडकडं गेले होते. दहा मिनिटांत बाहेर आले तर स्कूटर गायब. पलीकडच्या पानवाल्यानं वर बोट दाखवलं. खांबावर बोर्ड होता, पण त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला. खालून लाल वर्तुळाची फक्त एक कड दिसत होती. मी तीन फोटो काढले: एक स्कूटरच्या जागेवरून, एक जवळून, आणि तिसरा पानवाल्यानं काठीनं फ्लेक्सचा कोपरा उचलून धरला तेव्हाचा. तक्रारीत कामाला आला तो तिसरा. दंड रद्द झाला. क्रेनचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत, कारण त्याची वेगळी पावती मी मागितलीच नव्हती.

म्हणून पैसे भरताना दोन रकमा वेगळ्या करून घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा झाला तर १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. गाडी उचलण्याचा खर्च त्याहून निराळा, आणि कलम १२७ प्रमाणे तो मालकानंच द्यायचा असतो. पण त्याच कलमात असंही आहे की गाडी उचलायला हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याची परवानगी लागते. क्रेनवर नुसती पोरंच होती की सोबत पोलीस होता, हे बघणाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. पहिल्याच वेळी १,५०० लागले असतील तर जुनी चलनं तपासा. विकलेली मोटरसायकल नावावरून उतरवली नसेल, तर नव्या मालकाची चलनंही तुमच्याच नावावर येत राहतात.

घरी गेल्यावर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ई-चलनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. चलनाबरोबरचा फोटो मोठा करून बघा. गाडी तुमचीच आहे का? नंबर प्लेटवरचा ३ कुणी ८ तर वाचला नाही? जागा तीच लिहिली आहे का? महाट्रॅफिक अ‍ॅपमधूनही तक्रार करता येते. आणि एक कळकळीनं सांगते: चलनाच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) आली तर उघडू नका. ती फसवणूक असते, खातं रिकामं होतं.

तक्रार छोटी लिहा. "सायंकाळी ५.४० ला अमुक दुकानासमोर गाडी लावली. नो-पार्किंगचा फलक फ्लेक्सनं झाकलेला होता. तीन फोटो जोडले आहेत. चलन रद्द करावं." बास. आपण किती गरीब, घरात कोण आजारी, हे लिहू नका. वाचणाऱ्याला फलक दिसायला हवा. त्या रस्त्यावर नो-पार्किंग मुळात जाहीर झालंय का अशी शंका असेल, तर माहिती अधिकारात अधिसूचनेची प्रत मागा. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

फुटपाथवर, झेब्रा पट्ट्यांवर, कुणाच्या फाटकासमोर किंवा उभ्या गाडीला चिकटून दुसरी गाडी लावली असेल, तर बोर्ड नव्हता हे कारण चालत नाही. तिथं चूक आपली. दंड भरावा. सम-विषम तारखेच्या गल्लीत रात्री गाडी लावत असाल तर उद्याची तारीख बघून बाजू ठरवा.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. आमच्या बोळात अर्धी माणसं किल्लीच्या आधी फोन काढतात. "थांबा, साहेबांशी बोला." गाडी क्रेनवरून खाली उतरते, आणि त्याच रांगेतली गडहिंग्लजहून आलेल्या म्हाताऱ्या जोडप्याची गाडी जाते, कारण त्यांचं इथं कुणी नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याची ओळख नाही त्याच्यावरच नियम पडत असेल तर तो नियम राहत नाही. चूक असेल तर ओळख लावू नका, आणि चूक नसेल तर अर्जानं लढा. अर्जाची नोंद राहते, फोनची राहत नाही.

परगावच्या लोकांना मी आधीच बिंदू चौकातलं पार्किंग दाखवते. तिथून देवळापर्यंत चालत जाता येतं. आणि फलक झाकणारा फ्लेक्स दिसला की कुणाची गाडी जायची वाट बघत नाही. फोटो काढते, महापालिकेला अर्ज देते आणि पोच घेते. गल्ल्याच्या खणात अशा चार पोचा आहेत. कुणाला नमुना हवा असेल तर दुकानात या, दाखवते.