रेंज जाते? आधी हाताची पकड बघा

रेंजची तक्रार घेऊन कोणी दुकानात आलं की मी आधी फोन काउंटरवर ठेवायला सांगते. कांड्यांवर विसंबू नका. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, मग ‘सिम स्टेटस’ उघडा. तिथे डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, आकडा असतो. उणे ८५ चांगला, उणे ११० म्हणजे रडतखडत. आता फोन नेहमीसारखा मुठीत धरा. आकडा थोडा हलतोच, पण आठ-दहाने घसरला तर अँटेना तळव्याखाली दबतोय. २०१० च्या आयफोन ४ मध्ये तर स्टीलची कडाच अँटेना होती. डावीकडच्या खालच्या फटीवर हात टेकला की रेंज पडायची. शेवटी अ‍ॅपलने कव्हरं फुकट वाटली. खालची कडा मोकळी सोडून धरा. धातूचं कव्हर असेल तर काढाच. रेंज मुळातच कमी असेल तर फोन खिडकीत ठेवून इअरफोनवर बोला.