हॅव, हॅड की हॅव बीन? इंग्रजीतला परफेक्ट काळ कसा निवडावा

तारकर्लीत होमस्टे चालवणारे, देवगडहून आंब्याच्या पेट्या परराज्यात पाठवणारे, रत्नागिरीत नोकरीचे अर्ज लिहिणारी मुलं, या सगळ्यांना शाळेतले काळ पाठ असतात. अडतं ते ऐन वाक्य लिहिताना. मराठीत ‘आहे’ आलं की आपला हात ‘हॅव’कडे जातो आणि ‘होता’ आलं की ‘हॅड’कडे. ही सवय मोडायची असेल, तर लिहिण्याआधी वाक्याला काही प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: सरलेली वेळ सांगितली आहे का?

मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे बोटी सुटतात. पाहुण्याने फोन करून विचारलं, तर आपण सहज म्हणतो, ‘बोट नऊला सुटलीये.’ मराठीत यात काहीच चूक नाही. इंग्रजीत मात्र ‘द बोट हॅज लेफ्ट ॲट नाइन’ चालत नाही. वेळ सांगायची तर ‘द बोट लेफ्ट ॲट नाइन’. बोट आता धक्क्याला नाही एवढंच कळवायचं, तर ‘द बोट हॅज लेफ्ट’. यस्टर्डे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन 1998 यांपैकी काहीही आलं की प्रेझेंट परफेक्ट (हॅव किंवा हॅज लावलेलं रूप) सोडा आणि साधा भूतकाळ घ्या. ‘धिस वीक’ चालतं, कारण आठवडा अजून संपलेला नाही.

दुसरा प्रश्न: ‘होता’च्या पुढे आणखी एखादी घटना आहे का?

आपल्या सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबा. ‘मी गेल्या मे महिन्यात गणपतीपुळ्याला गेलो होतो.’ याचं इंग्रजी ‘आय वेंट टू गणपतीपुळे लास्ट मे’. ‘आय हॅड गॉन’ लिहिलंत, तर वाचणारा ‘मग पुढे काय झालं?’ म्हणून वाट पाहत बसतो. भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधी दुसरी घडून गेली होती, हे दाखवायचं असेल तेव्हाच ‘हॅड’ लागतं. सिंधुदुर्ग 1981 मध्ये रत्नागिरीपासून वेगळा जिल्हा झाला. कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या 1998 मध्ये. आता गोष्ट रेल्वेपासून सुरू केली, तर: ‘व्हेन ट्रेन्स बिगॅन टू रन ऑन द फुल रूट, सिंधुदुर्ग हॅड ऑलरेडी बिकम अ सेपरेट डिस्ट्रिक्ट.’ याच घटना घडल्या त्या क्रमाने सांगितल्या, तर दोन्हीकडे साधा भूतकाळ पुरतो. माझा सल्ला असा: शंका आली की ‘हॅड’ काढून वाक्य पुन्हा वाचा. अर्थ जागेवर राहिला, तर त्याची गरजच नव्हती.

तिसरा प्रश्न: तेव्हापासून अजून चालू आहे का?

‘मी दहा वर्षं गुहागरात राहतोय’ याचं ‘आय ॲम लिव्हिंग इन गुहागर सिन्स टेन इयर्स’ करू नका. ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन गुहागर फॉर टेन इयर्स’ लिहा. सुरुवात कधी झाली ते सांगताना सिन्स, किती काळ झाला ते सांगताना फॉर.

चौथा प्रश्न: काम सांगायचंय की झालेलं माप?

सकाळपासून कोलंबी सोलणं चाललंय, हाताला वास येतोय, ढीग संपला की नाही ते महत्त्वाचं नाही: ‘शी हॅज बीन पीलिंग प्रॉन्स सिन्स मॉर्निंग.’ दोन किलो सोलून झाली: ‘शी हॅज पील्ड टू किलोज ऑफ प्रॉन्स.’ किती वेळ चाललंय ते सांगायचं असेल तर बहुधा ‘हॅव बीन’ आणि आयएनजी. किती झालं ते सांगायचं तर क्रियापदाचं तिसरं रूप. नो (माहीत असणं), ओन (मालकी असणं), बिलाँग (कुणाचं असणं) अशा स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांना मात्र आयएनजी लावत नाहीत. ‘आय हॅव नोन हिम फॉर इयर्स’ एवढंच.

राहिला ‘गेलाय’चा प्रश्न. पाहुण्याला ‘माय हजबंड हॅज गॉन टू कुडाळ’ असं कळवलंत, तर नवरा अजून परतलेला नाही. ‘हॅज बीन टू कुडाळ’ म्हणजे जाऊन आलाय.