चारित्र्य पडताळणी: दाखल्यावरचा शेरा नीट कसा वाचावा

नाशिकच्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या कारखान्यात भरती पाहत असाल, तर आधी तुमचा अर्जाचा नमुना समोर घ्या. ‘आपणावर कधी गुन्हा दाखल झाला होता का? होय/नाही’ अशी ओळ असेल तर ती खोडा. गुन्हा दाखल होणं म्हणजे पोलिसांनी फिर्याद नोंदवून घेणं. दोष सिद्ध होणं वेगळं. त्याजागी लिहा: ‘न्यायालयाने शिक्षा केली आहे का? खटला चालू आहे का? असल्यास केस नंबर.’ हेही मुलाखतीनंतर, माणूस पसंत पडल्यावर विचारा. आधी विचारलं की ‘होय’वाले अर्ज न वाचताच बाजूला पडतात आणि चांगला फिटर हातचा जातो.

पोलिसांच्या चारित्र्य पडताळणी दाखल्याचा अर्ज ऑनलाइन करायचा. हद्द उमेदवाराच्या राहत्या पत्त्यावरून ठरते, कारखान्याच्या नव्हे. सातपूरला राहणारा शहर आयुक्तालयाकडे, सिन्नर-दिंडोरीचा ग्रामीण पोलिसांकडे.

दाखल्यावर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि कलम आलं, की बहुतेक ठिकाणी फाइल तिथेच मिटते. घोळ होतो तो इथेच. खटला कधीच निकाली निघालेला असतो, पण पोलिसांच्या नोंदीत ‘न्यायप्रविष्ट’ तसंच राहून जातं. म्हणून उमेदवाराला १५ दिवस द्या. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव आणि वर्ष टाकून किंवा सीएनआर नंबरने (प्रत्येक केसचा १६ अंकी-अक्षरी ओळख क्रमांक) केस सापडते. मग ज्या कोर्टात ती चालली तिथल्या नक्कल विभागातून निकालाची प्रमाणित प्रत काढता येते. नाशिकचं जिल्हा न्यायालय सीबीएस बसस्थानकाजवळच आहे.

प्रत आली की शेवटचं पान, ‘आदेश’ वाचा. ‘निर्दोष मुक्तता’ किंवा ‘दोषमुक्त’ असेल तर विषय संपला. कायद्याने परवानगी असलेली तडजोड झाली असेल तर तिचाही परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच. ‘ब समरी’ (तपासानंतरचा पोलिसांचा अहवाल) कोर्टाने मंजूर केली म्हणजे फिर्यादच खोटी ठरली. गुन्हा अठराच्या आतला असेल तर बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम २४ नुसार तो आड येत नाही. अपवाद फक्त सोळा वर्षांवरील मुलाला प्रौढ म्हणून दोषी धरल्याचा.

शिक्षा झालेलीच असेल, तर गुन्ह्याचा त्या कामाशी संबंध पाहा. दहा वर्षांपूर्वीच्या भाऊबंदकीतल्या मारामारीचा वेल्डिंगशी काय संबंध? अपहाराची शिक्षा असेल तर स्टोअर किंवा कॅश देताना विचार करावाच लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सरकारी नोकरीबाबत हेच सांगितलं: माहिती लपवली असली, तरी गुन्हा किती किरकोळ होता हे पाहून निर्णय घ्या.

नाकारायचंच ठरलं तर कारण लेखी द्या आणि उत्तर द्यायला आठवडाभर मुदत ठेवा. दाखला बंद पाकिटात, एकाच माणसाच्या ताब्यात राहू द्या. ठेकेदाराला किंवा सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर पाठवला, की संध्याकाळपर्यंत तो शॉपफ्लोअरभर झालेला असतो.