स्पेन-पोर्तुगालात कमी पैशांत पोटभर

गोव्यातून मित्राबरोबर पाठीवर बॅग टाकून निघालेल्यांचं बजेट तिथे बहुधा रात्रीच्या जेवणात कोलमडतं. म्हणून मोठं जेवण दुपारीच उरका.

१. स्पेनमध्ये सोमवार ते शुक्रवार साध्या खानावळींबाहेर फळ्यावर 'मेनू देल दिया' लिहिलेला असतो. एकाच ठरलेल्या किमतीत, साधारण 12 ते 15 युरोंत, दोन डिश, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी. दीडच्या आधी जाऊ नका, बहुतेक ठिकाणी जेवण सुरूच झालेलं नसतं. शाकाहारी असाल तर मसुरातसुद्धा मांस आहे का ते विचारा. सॉसेजचे तुकडे हमखास असतात. पोर्तुगालात 'प्रातु दु दिया', म्हणजे त्या दिवसाची खास डिश, शोधा.

२. बाटलीबंद पाणी मागवू नका. स्पेनमध्ये 2022 च्या कायद्याने हॉटेलांना नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं. 'आग्वा देल ग्रीफो' म्हणायचं.

३. रात्री होस्टेलचं स्वयंपाकघर वापरा. तांदूळ, मसूर, कांदे तिथल्या सुपरमार्केटात स्वस्त मिळतात. गोडा मसाला आणि आमसुलं मात्र म्हापशाच्या बाजारातूनच न्या, मूठभर पुरतात. दिवसभराच्या पायपिटीनंतर आमटी-भातासारखं सुख नाही!

सांभाळायचं एकच: पोर्तुगालात बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं, खाल्लंत की बिलात लागतं. नको असेल तर लगेच परत न्यायला सांगा.