लाइन जोडायच्या आधी

बिल्डिंगचा अलार्म पॅनल फायर ब्रिगेडच्या कंट्रोल रूमला जोडायचं ठरलं की सोसायटीत पहिला प्रश्न निघतो, वायर कुठून न्यायची. ते काम एका दुपारचं. त्याआधी महिनाभर पॅनलचं वागणं बघा. अलार्म किती वेळा वाजला, कशाने वाजला, रजिस्टरला लिहा; कारण सापडत नसेल तर जोडणी लांबवा. आज खोटा अलार्म फक्त वॉचमनची झोप मोडतो. उद्या त्यावर बंब निघेल, आणि तिसऱ्या खेपेला तिकडून आधी फोन येईल, "भाऊ, खरंच लागलीय का?"

खान्देशात खोट्या अलार्मची कारणं ठरलेली. जिनिंगजवळच्या गोदामात कापसाचा तंतू स्मोक डिटेक्टरच्या जाळीत बसतो, डाळ मिलजवळ भुसा. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतं, मग पत्र्याखाली ५७ अंशांचा हीट डिटेक्टर कसा टिकेल? तिथे वरच्या अंशाचा घ्या. आणि हिवाळ्यात गच्चीवर काट्या पेटवून भरताची वांगी भाजली की जिन्यातला डिटेक्टर बोंबलणारच. त्याची काही चूक नाही, धूर खराच आहे. त्या वेळी गच्चीचं दार ओढून घ्यायचं, कुलूप मात्र लावायचं नाही.

कंट्रोल रूमला जाणारा सिग्नल हूटरच्या, म्हणजे भोंग्याच्या, वायरवरून घेऊ नका, कोणी कितीही सोपं म्हणून सांगो. हूटर गप्प करायचं बटण दाबलं की तो सिग्नलही बंद पडतो. पॅनलमध्ये फायरचा वेगळा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, असतो, रिसेट करेपर्यंत तो धरून राहतो, तोच घ्या. फॉल्टचा रिले स्वतंत्र. तो एरवी ओढलेला असतो, म्हणून पॅनल पुरता मेला तरी सुटून बिघाड कळवतो. दोन्ही एकाच तारेवर टाकलेत तर बॅटरी उतरली म्हणून बंब दारात उभा राहील.

बॅटरीचा हिशेब कागदावर मांडा. शांत पॅनल ०.२ अँपिअर घेत असेल तर २४ तासांचे ४.८, वाजताना १ अँपिअर, अर्ध्या तासाचे ०.५. झाले ५.३, वर पाव भाग जुनेपणाचा, म्हणजे साधारण ६.६. १२ व्होल्टच्या ७ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये पुरतात. डायलर, म्हणजे सिमवरून सिग्नल पाठवणारं यंत्र, त्याच बॅटरीवर असेल तर त्याचा करंटही धरा, हमखास तोच धरायचा राहतो. सिम दोन, दोन कंपन्यांची. पॅनल तळघरात असेल तर अँटेना वर काढा.

पत्त्याकडे कोणी बघत नाही. बोस्टनला १८५२ मध्ये शहराची तारेवरची अलार्म यंत्रणा सुरू झाली, तेव्हा पेटीतून फक्त आकडा जायचा. जागा यादीवरून शोधायची. आजही कंट्रोल रूमला 'झोन ३', म्हणजे बिल्डिंगचा तिसरा भाग, एवढंच दिसेल. बाकीचं तुम्ही लिहून द्यायचं: गेट कोणत्या रस्त्याला, बंब कुठपर्यंत येतो, बाजाराच्या दिवशी कुठून यायचं, टाकी कुठे, किल्ली कोणाकडे. 'देवळामागे' लिहू नका, देवळं चार आहेत.

कागदांत लायसन्स असलेल्या एजन्सीचं प्रमाणपत्र ठेवा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे देखभालीचं ते जानेवारी आणि जुलैत द्यावंच लागतं.

चाचणीच्या दिवशी आधी कंट्रोल रूमला कळवा, मग एकेक झोन वाजवा, एकदा मेन स्विच पाडूनही. तिकडे काय दिसलं ते फोनवर वाचून घ्या. संपल्यावर पुन्हा फोन करा, नाहीतर दिवसभर तुमचा सिग्नल चाचणीच समजला जाईल. वॉचमनला मात्र सांगून ठेवा, सिग्नल गेला असला तरी १०१ लावायचाच.