साओ पावलोला नोकरीसाठी जाताय? आधी आईचं नाव तपासा

ब्राझीलला बदली ठरली की लोक आधी घरभाड्याचे आकडे बघतात. ते नंतर बघितलं तरी चालेल. तिथली जवळपास प्रत्येक सरकारी नोंद तुमच्या नावासोबत आईचं नाव मागते, आणि बँकेच्या फोनवर किंवा दवाखान्याच्या खिडकीवर ओळख पटवायलाही तेच विचारतात. आपल्याकडे नेमकं हेच नाव दर कागदावर वेगळं असतं: दहावीच्या गुणपत्रिकेवर नुसतं ‘सुनंदा’, जन्मदाखल्यावर ‘सौ. सुनंदाबाई’, पासपोर्टवर पूर्ण नाव. लग्नानंतर बायकोचं पहिलं नावही बदललं असेल तर विवाह दाखला आणि तिची पदवी दोन वेगळ्या बायकांची वाटते. तिथला शपथबद्ध भाषांतरकार कागदावर असेल तेच उतरवतो. ‘ही एकच व्यक्ती’ असं स्वतःच्या मनाने तो लिहू शकत नाही.

म्हणून पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. जन्मदाखल्यातली दुरुस्ती महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू निबंधकाकडे होते. लग्नानंतरच्या नावबदलाची महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद असेल तर तीही सोबत ठेवा. जुना हस्तलिखित दाखला फक्त मराठीत असेल तर मराठी-इंग्रजी असा नवा काढून घ्या, कारण इंग्रजीवरून पोर्तुगीज करणारे भाषांतरकार सहज मिळतात. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसाच्या आधी तो भरून घ्या.

कागद जुळले की अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारं प्रमाणीकरण. दाखल्यांवर आणि पदवीवर आधी राज्य शासनाचं साक्षांकन होतं, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का बसतो. मंत्रालयाचं शुल्क कागदामागे ५० रुपये आहे, त्यावरचे पैसे एजन्सीचे. जन्मदाखला, विवाह दाखला, पदवी आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट एवढ्यांवर अपोस्टिल करून ठेवा. क्रम उलटा करू नका: आधी अपोस्टिल, नंतर भाषांतर, कारण शिक्क्याचंही भाषांतर लागतं. भारतात करून नेलेलं भाषांतर तिथे सहसा चालत नाही. ब्राझीलमधल्या नोंदणीकृत शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच ते करावं लागतं. स्कॅन आधीच पाठवले तर पोचेपर्यंत कागद तयार असतात.

नोकरीसाठी कंपनी आधी ब्राझीलच्या न्याय मंत्रालयाकडून निवास परवानगी काढते. ती मिळाल्यावर मुंबईतल्या ब्राझीलच्या वाणिज्य दूतावासातून व्हिसा मिळतो. जोडीदाराला कुटुंब-एकत्रीकरणाचा व्हिसा घ्या. त्यावर नोकरी करता येते, हे बऱ्याच जोडप्यांना उशिरा कळतं. परदेशी कंपनीचं काम घरून करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहे: महिना किमान १,५०० डॉलर उत्पन्न किंवा बँकेत १८,००० डॉलर दाखवावे लागतात. तो एक वर्षाचा असतो आणि तेवढ्याच काळासाठी वाढवता येतो.

दूतावासातूनच सीपीएफसाठी अर्ज करून टाका. हा अकरा आकडी करदाता क्रमांक आपल्या पॅनसारखा असला तरी वापर कितीतरी जास्त: प्रीपेड सिम, इंटरनेट, भाडेकरार, ऑनलाइन खरेदी सगळ्याला तो लागतो, औषधाच्या दुकानातही सवलतीसाठी विचारतात. लोक त्याला ‘सेपेएफी’ म्हणतात, कानाला सवय ठेवा. अर्जातही आईचं नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. इथे चूक झाली तर पुढे बँक खातं अडतं आणि आधी ती नोंद दुरुस्त करावी लागते.

उतरल्यावर फेडरल पोलिसांकडे नोंदणीसाठी ९० दिवस मिळतात. पुष्कळ वाटतात, पण साओ पावलोत वेळ मिळायलाच आठवडे जातात, आणि उशिराच्या दर दिवसाला दंड आहे. तेव्हा पहिल्याच आठवड्यात ऑनलाइन अर्ज भरा, निवासी ओळखपत्राच्या कार्डाचं शुल्क भरा आणि तारीख घ्या. दूतावासाने व्हिसासोबत दिलेला अर्जाचा कागद टाकून देऊ नका, तो तिथे मागतात. पासपोर्टवर आई-वडिलांची नावं छापलेली नसतील तर जन्म किंवा विवाह दाखला भाषांतरासह लागतो. कार्ड हातात येईपर्यंत नोंदणीची पावती हाच तुमचा ओळखपुरावा. काही बँकशाखा ती नाकारतात. वाद घालण्यात दिवस घालवण्यापेक्षा ॲपवर चालणाऱ्या बँकेत खातं उघडावं. खातं झालं की पिक्स सुरू करा, म्हणजे मध्यवर्ती बँकेची २०२० पासूनची झटपट पैसे पाठवायची सोय, आपल्या यूपीआयसारखी. मोबाइल हिसकावणं तिथे नेहमीचं आहे, म्हणून पिक्सच्या मर्यादा कमी ठेवा.

घर

जाहिरातीतल्या भाड्यात सोसायटीचा खर्च आणि इपेतेऊ हा घरपट्टीसारखा कर धरलेला नसतो, एकूण आकडा विचारा. घरमालक हमी मागतो आणि मुख्यतः तीन प्रकार चालतात: स्थानिक मालमत्ता असलेला जामीनदार, अनामत किंवा भाडेहमी विमा. नवख्याला जामीनदार मिळत नाही. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि एका करारात एकाच प्रकारची हमी मागता येते. अनामत आणि विमा दोन्ही मागणारा दलाल कायद्याबाहेर बोलतोय. विम्याचा हप्ता परत मिळत नाही, म्हणून पैसे असतील तर अनामत बरी.

करार बहुधा ३० महिन्यांचा असतो आणि आधी सोडल्यास उरलेल्या काळाच्या प्रमाणात दंड बसतो. मात्र कंपनीने दुसऱ्या गावी बदली केली आणि तुम्ही किमान ३० दिवस आधी लेखी कळवलं तर दंड माफ होतो. हे १९९१ च्या भाडे कायद्यातच आहे. भाड्याची वार्षिक वाढ महागाईच्या निर्देशांकावर ठरते; त्यासाठी इजेपे-एमीऐवजी इप्का निर्देशांक मागा. २०२१ मध्ये पहिला निर्देशांक वर्षाला ३० टक्क्यांच्या वर गेला होता. ताबा घेताना मिळणारा पाहणी अहवाल फोटोंशी ताडून बघा आणि भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा त्यात लिहायला लावा, नाहीतर सोडताना रंगकाम तुमच्या खर्चाने होतं. सामानाशिवाय घर म्हणजे बहुधा शेगडी, फ्रिज आणि कधीकधी दिवेसुद्धा नाहीत.

मिक्सर न्यायचा का? साओ पावलोत साधारणपणे १२७ व्होल्टचा पुरवठा असतो. २३० व्होल्टचा मिक्सर त्यावर कुरकुरत फिरतो, ओलं खोबरं वाटलं जात नाही. अनेक स्वयंपाकघरांत २२० व्होल्टचा एखादा पॉइंट असतो, त्यावर चालतो. घर बघतानाच विचारा. ब्राझिलिया किंवा ईशान्येकडच्या बहुतेक शहरांत २२० व्होल्टच आहे. कुकर नेऊ नका, राजम्यासारख्या ‘फेजांव’वर जगणाऱ्या देशात तो घरोघरी असतो.

तूरडाळीसाठी ‘फेजांव ग्वांदू’ शोधा. ‘आसाफ्रांव’ लिहिलेली पिवळी पूड बहुधा हळदच असते, केशर समजून घेऊ नका. गूळ म्हणजे ‘हापादुरा’. चपातीचं पीठ मात्र भारतीय दुकानातूनच आणावं, तिथलं गव्हाचं भरड पीठ लाटताना चिरतं. शाकाहारी असाल तर ‘कार्नी’ (मांस) नाही ना, एवढंच विचारून भागत नाही. वाढप्याच्या लेखी तो शब्द गोमांसाचा, त्यामुळे कोंबडी, हॅम आणि फेजांवमधलं डुकराचं मांस वेगवेगळं विचारा. वजनावर जेवण देणारी ‘पोर किलो’ खाणावळ सगळ्यात सोपी, समोरचं दिसतं आणि हवं तेवढंच वाढून घेता येतं.

नोकरीच्या व्हिसावर आलेला माणूस पोचल्या दिवसापासून तिथला कर-रहिवासी ठरतो आणि जगभरातल्या उत्पन्नावर कर लागतो. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडंही तिथे दर महिन्याला दाखवावं लागतं. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, म्हणून भारतात भरलेल्या कराच्या पावत्या जपा. इकडची बचत खाती अनिवासी खात्यांत बदलून घ्या. कायमचं परतताना ब्राझीलच्या कर खात्याला देश सोडल्याचं कळवा, नाहीतर त्यांच्या लेखी तुम्ही तिथेच राहता.

आणि पीतज्वराची लस. ब्राझीलहून भारतात येताना तिचा आंतरराष्ट्रीय दाखला लागतो. लस पोचण्याच्या किमान १० दिवस आधीची हवी. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, सुट्टीचा निम्मा भाग तिथेच जातो. निघण्याआधी मुंबईत सरकारमान्य केंद्रावर घेतलेली लस आयुष्यभर पुरते. तिकडे सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते, पण त्यांचं साधं लसीकरण कार्ड पुरत नाही, ‘आन्विझा’ या तिथल्या आरोग्य नियामक संस्थेकडून आंतरराष्ट्रीय दाखला वेगळा घ्यावा लागतो. नातवंडांना भेटायला येणाऱ्या आजी-आजोबांनाही परतताना हाच नियम. साठीनंतर या लसीचे दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे त्यांचं तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोला.