मित्रांच्या ग्रुपचं चॅट मोजायचं असेल तर

डेटा ॲनालिसिस शिकायला सुरुवात केलेल्यांनी पहिला प्रोजेक्ट म्हणून कॉलेजच्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप जरूर घ्यावा. डेटा हाताशी असतो आणि माणसं ओळखीची असतात, त्यामुळे उत्तर चुकलं की लगेच खटकतं. इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार डेटासेटमध्ये ही सोय नसते. मात्र 'कोण किती मेसेज करतं' याचा बार चार्ट काढून थांबलात तर हाती फारसं काही लागत नाही. मोजणं सोपं आहे, नेमकं काय मोजायचं हे ठरवण्यात खरा कस लागतो.

आधी परवानगी. ग्रुपवर 'कुणाची हरकत नाही ना?' एवढं टाकून भागत नाही, कारण गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. प्रत्येकाला वेगळं विचारा: काय मोजणार, कुणाला दाखवणार, फाइल कधी पुसणार. एखाद्याने नकार दिला तर त्याचे मेसेज काढावे लागतात, आणि ते काढले की बाकीच्यांच्या उत्तराच्या वेळाही बिघडतात, कारण संवादाचा मधला दुवाच निघून जातो. 'नाव आणि मजकूर काढतो, फक्त वेळ ठेवू का?' असं विचारून पाहा. त्यालाही नकार आला तर उत्तराच्या वेळेचा भागच प्रोजेक्टमधून वगळा.

चॅट मीडियाशिवाय एक्स्पोर्ट करा. मीडियासह साधारण १०,००० आणि मीडियाशिवाय ४०,००० ताजे मेसेज मिळतात. गप्पिष्ट ग्रुप ही मर्यादा सहज ओलांडतो आणि जुना भाग काही न सांगता कापला जातो. म्हणून फाइलच्या पहिल्या ओळीची तारीख आधी बघा. २०२५ मध्ये आलेली ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी (चॅट बाहेर नेणं रोखणारी व्हॉट्सॲपची सेटिंग) ग्रुपमध्ये चालू असेल तर एक्स्पोर्टच होत नाही.

आता फाइल. अँड्रॉइडवर ओळीत तारीख, स्वल्पविराम, वेळ, डॅश, नाव, कोलन आणि मग मजकूर असतो. आयफोनवर तारीख-वेळ चौकोनी कंसात येते आणि सेकंदही असतात. त्यामुळे ओळीतून तारीख, नाव आणि मजकूर वेगळा करणारा, एका फोनसाठी लिहिलेला पॅटर्न (रेगेक्स) दुसऱ्याच्या फाइलवर चालत नाही. नवशिके अडकतात ती ठिकाणं बहुधा हीच:

– लांब मेसेज अनेक ओळींत असतो. जी ओळ तारखेने सुरू होत नाही ती आधीच्या मेसेजला जोडा, टाकून देऊ नका.
– वेळ आणि एएम-पीएम यांच्यामध्ये साध्या स्पेसऐवजी अरुंद, न तुटणारी स्पेस असू शकते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पॅटर्न मात्र जुळत नाही. आयफोनच्या फाइलमध्ये लिपीची दिशा सांगणारं अदृश्य चिन्हही सापडतं. दोन्ही आधीच साफ करा.
– तारखेचा फॉरमॅट पांडाजला (डेटा हाताळायची पायथनची लायब्ररी) स्वतः सांगा. त्याच्यावर सोडलं तर ५ एप्रिलचा ४ मे होऊ शकतो.
– 'अमुकने तमुकला ॲड केलं' अशा सूचना आणि मीडिया वगळल्याच्या ('मीडिया ओमिटेड') ओळी वेगळ्या काढा. नाहीतर शब्दांच्या यादीत 'ओमिटेड' पहिला येतो.

पॅटर्नमध्ये न बसलेल्या सगळ्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये लिहून एकदा डोळ्यांखालून घाला. कंटाळवाणं काम आहे, पण पुढच्या सगळ्या आकड्यांचा भरवसा त्यावरच आहे.

मग मोजणी. समजा पहिल्या मित्राने, म्हणजे म१ने, रात्री १०:०१ ला 'आज लेक्चर होतं का' आणि 'कुणी आहे का', तर १०:०२ ला 'अरे' असे तीन मेसेज टाकले. १०:४० ला म२ म्हणाला, 'नव्हतं.' मेसेज तीनास एक, पण बोलणं दोघांचं एकेकदाच झालं. काही जण एक वाक्य पाच तुकड्यांत पाठवतात, म्हणून मेसेज मोजून 'जास्त बोलतो' असं म्हणता येत नाही. एकाच व्यक्तीचे सलग मेसेज एक पाळी धरा. म२च्या उत्तराला मग शेवटच्या मेसेजपासून ३८ मिनिटं लागली, पहिल्यापासून ३९. कुठलंही धरा, पण सगळीकडे तेच धरा आणि अहवालात लिहा.

सकाळी ८:१० ला म३ लिहितो, 'आज आहे का?' हे म२ला दिलेलं उत्तर का? मधलं अंतर ५७० मिनिटांचं आहे. समजा बाकीची अंतरं १, १, २, ३ मिनिटं आहेत, तर १, १, २, ३ आणि ५७० या पाच अंतरांची सरासरी ११५.४ मिनिटं येते, मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या) २. सरासरी इथे रात्रीची झोप मोजते आहे. त्यामुळे मध्यक वापरा आणि ठराविक शांततेनंतर नवा संवाद सुरू झाला असं धरा. ही मर्यादा एक तास असावी असा काही नियम नाही. सगळ्या अंतरांचा हिस्टोग्राम (कोणतं अंतर किती वेळा येतं ते दाखवणारा आलेख) काढा, वेळेचा अक्ष लॉगमध्ये, म्हणजे १, १०, १०० असा पटीत वाढणारा, ठेवा, आणि मर्यादा ३० मिनिटं, १ तास, २ तास करून निष्कर्ष टिकतो का ते बघा. कोण कुणाला उत्तर देतंय हा अंदाजच राहतो. कोणत्या मेसेजला रिप्लाय केला ते टेक्स्ट फाइलमध्ये येत नाही, रिॲक्शनही येत नाहीत. नुसता अंगठा दाखवणारा मित्र इथे गप्प दिसतो.

परीक्षेआधीचं जागरण दोन तारखांत विभागलं जातं. प्रत्येक वेळेतून ४ तास वजा करून मग तारीख काढली की रात्री दोनचे मेसेज आदल्या दिवसातच मोजले जातात. उशिरा ग्रुपमध्ये आलेल्यांची तुलना एकूण आकड्यावर करू नका, ते ग्रुपमध्ये असतानाच्या दिवसांवर करा.

शब्दांकडे वळलात की मराठीची खास अडचण येते. पायथनच्या रेगेक्समधलं 'शब्दातलं अक्षर' हे चिन्ह (\w) काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना अक्षर मानत नाही. 'परीक्षा'चे 'पर', 'क', 'ष' असे तुकडे होतात. सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) एकाक्षरी तुकडे फेकतो, म्हणजे उरतो फक्त 'पर'. 'मित्र' तर पूर्णच गायब होतो आणि 'घर', 'आज' टिकतात. निकाल दिसायला व्यवस्थित असतो, म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही. स्पेसवर तोडून विरामचिन्हं काढा, किंवा पॅटर्नमध्ये देवनागरीचा अख्खा युनिकोड ब्लॉक, म्हणजे तिच्या सगळ्या चिन्हांचा संच, द्या. रोमन लिपीतल्या मराठीत 'नाही'ची चार-पाच स्पेलिंग सापडतील. नेहमीच्या शंभरेक शब्दांचा तक्ता हाताने करणं हाच खात्रीचा मार्ग. वर्ड क्लाउडमध्ये (जास्त वापरलेले शब्द मोठे दाखवणारं चित्र) चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्टच्या फाइलचा पत्ता (पाथ) द्यायचा राहिला आहे.

नावांऐवजी म१, म२ लिहिलं तरी आठ जणांच्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते सगळे ओळखतात, त्यामुळे मूळ मेसेज अहवालात छापू नका. चार्ट आधी ग्रुपला दाखवा, कुणाला एखादा नको असेल तर काढा, आणि मगच बाहेर द्या. शेवटी मूळ फाइल लॅपटॉपवरून पुसा. एक्स्पोर्ट करताना स्वतःला मेल केलेली प्रत आणि ड्राइव्हवरची प्रत राहून जाते, तीही पुसा.